दोन मतांचं केंद्र

१२ जानेवारी

आत्या,

पुन्हा तेच. चार ओळी कोंबड्यांच्या, दोन ओळी गुडघ्याच्या, आणि मग "यादीतलं नाव हलवू नकोस." अगं, नाव माझं आहे. तुझी कोंबडी नाही, की दिवस मावळला की डालग्याखाली कोंडून ठेवशील. मागच्या पत्रातही मी हेच लिहिलं होतं, त्याच्या मागच्या पत्रातही. तू वाचतेस की चूल पेटवतेस त्याने?

मतदारयादीत इथला पत्ता असल्याशिवाय इथे माणूस माणसात जमा नाही. खोली भाड्याने मागायला गेलो की घरमालक म्हणतो, इथला कागद दाखव. मुकादम म्हणतो, कायम व्हायचं तर इथला कागद आण. म्हणून फॉर्म भरला. उत्तर काय आलं? "अर्जदार जुन्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळले." कोणाला आढळलो मी तिथे? मला तर नाही आढळलो.

मग खाणीचा राखणदार, आपला शिट्टी, त्याने बाजारातून फोन केला तेव्हा उलगडा झाला. तपासणीला माणूस आला तेव्हा तू माझा जुना निळा शर्ट धुऊन दोरीवर टाकलास आणि त्याला सांगितलंस, "बाजारात गेलाय, येईल इतक्यात." शिट्टी हसून हसून बेजार. मला नाही आलं हसू. तीन वर्षं झाली मला बाजारात जाऊन. एवढी कसली खरेदी करतोय मी?

फॉर्म पुन्हा भरणार आहे. या खेपेला शर्ट धुवायचा नाही.

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरीस आत्याचा आशीर्वाद.

शर्ट धुतला कारण त्याला वास येत होता. ट्रंकेत पडून राहिलेल्या कापडाला येतो. आणि मी खोटं बोलले ते एवढंच, की बाजार जरा लांबचा निघाला.

एक कळवायचं राहिलं. फिटरबाबा गेला. मी सकाळी चहा घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं, आणि सगळे पान्हे पुसून लहानमोठे ओळीने लावलेले. कोणी पाहुणा यायचा असावा असे. त्याचा मुलगा ट्रक घेऊन आला, सगळं उरकलं, पान्हे ट्रकमध्ये टाकले आणि गेला. आता वसाहतीत मी एकटी. शिट्टी दिवसाकाठी एक फेरी मारतो, पण त्याचं घर खिंडीपलीकडे आणि त्याचं मतही तिकडेच.

निवडणूक लागलीय. आपल्या केंद्राच्या यादीत आता दोनच नावं, तुझं आणि माझं. त्या दोन नावांसाठी निवडणुकीची माणसं यंत्र घेऊन येणार, पोलीस येणार, वजनकाट्याजवळच्या, खाणीची हजेरी लागायची त्या टाइम ऑफिसात टेबलं मांडणार. नाकापेक्षा मोती जड. दिवसभर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मी त्यांच्या. तू ये. एवढी एक खेप ये, मग तुझं नाव कुठे न्यायचं तिथे ने. मी स्वतः सांगेन त्या तपासणीवाल्याला, बाबा रे, हा काही बाजारातून परत येत नाही.

कोंबड्यांचं लिहू नको म्हणतोस म्हणून लिहीत नाही. पांढरी खुडूक बसलीय.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

फिटरबाबाचं वाचलं आणि पत्र खिशात घालून कामावर गेलो. खराब बेअरिंगची भिंगरी करून दिली होती त्याने मला. तिच्यावरून माझं नाव पडलं. दिवसभर पायांना ती, आणि आता पत्रावर सहीलाही तीच. जाऊ दे.

येणं जमणार नाही. दोन दिवस जायचे, दोन यायचे, आणि आमचा मुकादम बाप मेला तरी एकच दिवस देतो. माझा आधीच मेलाय म्हटल्यावर तोही मिळणार नाही.

इथलं तुला काय सांगू. कोल्ड स्टोरेजच्या आत पेट्या रचायच्या. अंगात गादीसारखा कोट, हातात हे जाड मोजे. आत कोणी बोलत नाही. तोंड उघडलं की दात शिवशिवतात. बाहेर आलो की खोलीवर. खोलीत सहा खाटा आणि माणसं बारा. माझ्या खाटेवर मी कामावर असताना दुसरा झोपतो. मी येतो तेव्हा तो गेलेला असतो. तीन वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नाही. खाट मात्र रोज ऊबदार मिळते. कधी तो उशीखाली अर्धी काडेपेटी विसरतो, कधी मी कंगवा विसरतो. एवढीच आमची ओळख.

परवा खोलीतले निवडणुकीवरून भांडत होते. मला म्हणाले, तुमच्याकडे खासदार कोण? म्हटलं, ठेकेदार. त्याच्या आधी कोण? मला सांगता येईना. म्हटलं, आमच्या केंद्रावर मतं दोनच आहेत. तर एक म्हणतो, "मग तूच उभा राहा की, निम्मी मतं तर घरचीच!" सगळे खिदळले. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला?

खरं सांग, त्या केंद्राने आजवर काय उजेड पाडला? दे जा त्या ठेकेदारालाच मत. तुझी खोली त्याची, खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर बसायचे पैसे त्याचे. बटण दाब आणि मोकळी हो.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. काय उजेड पाडला विचारतोस, तर बस आणि ऐक. खोलीतल्यांनाही सांग.

मी लग्न होऊन वसाहतीत आले. मागाहून तुझ्या आतोबांनी दादालाही इथेच चिकटवलं. माझ्या पहिल्या निवडणुकीला रांग टाइम ऑफिसपासून निघून वजनकाट्याच्याही पलीकडे गेली होती. कामगारपुढारी उभा होता. वसाहतीने एकगठ्ठा मतं दिली. तो निवडून आला आणि आपल्याला नळ आला. नळ अजून आहे. पाणी वर्षभर आलं. मग पुढारी राजधानीत राहायला गेला, पाणीही बहुतेक त्याच्या मागोमाग गेलं.

त्यानंतर वकीलसाहेब उभे राहिले त्याच्या विरुद्ध. अख्ख्या मतदारसंघात थोडक्या मतांचा फरक पडला, पुढाऱ्याने फेरमोजणी मागितली. आणि आपली पेटी तर नेताना ट्रॅक्टरवरून ओढ्यात पडलेली! मोजणीच्या हॉलमध्ये आपली मतं दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, आणि ती वाळेपर्यंत दोन्हीकडची मोठमोठी माणसं माना वर करून खाली बसली होती. वकीलसाहेब आले. त्या ओल्या मतांनीच आले असं तुझे आतोबा शेवटपर्यंत सांगायचे, जशी काही पेटी त्यांनीच ढकलली होती.

वकीलसाहेब मुदत संपायच्या आतच गेले. पोटनिवडणूक लागली. त्यांची बायको उभी राहिली, वहिनीसाहेब. तिला भाषण येईना. ती आम्हा बायकांत खडीच्या ढिगावर येऊन बसली, बोलायला गेली आणि रडली. आली निवडून. संसदेत एक शब्द बोलली नाही म्हणतात. पण निवडून आल्यावर पुन्हा वसाहतीत येऊन गेलेली खासदार ती एकटीच. काही घेऊन आली नाही. पण आली.

मग पगार थकले. खाण अर्धी चालू, अर्धी बंद. पुढच्या निवडणुकीवर वसाहतीने बहिष्कार टाकला. पुढे तुझे आतोबा. "जो टाइम ऑफिसची पायरी चढेल त्याचं तंगडं हातात देईन." दिवसभर कोणी गेलं नाही. आणि मोजणीत आपल्या केंद्रावर एक मत निघालं. एक! महिनाभर लोक एकमेकांच्या बोटांवरची शाई शोधत होते. पण खडी फोडणाऱ्यांची बोटं ती, निम्म्यांवर चिंध्या बांधलेल्या. कळलं नाही ते नाहीच. त्या निवडणुकीत वहिनीसाहेब पडल्या आणि ठेकेदार आला.

तेव्हापासून ठेकेदारच आहे. त्याने खाण घेतली आणि बंद केली. लोक एकेक करून गेले. रांग आधी वजनकाट्यापर्यंत आली, मग पायरीपर्यंत, मग आतच मावायला लागली. हा झाला आपल्या केंद्राचा इतिहास.

आता तुला का बोलावते ते सांगते. आधीच सांगायला हवं होतं, पण पत्रात लिहायला हात धजत नव्हता.

मोजणी झाली की प्रत्येक केंद्राचे आकडे वेगळे छापतात. मोठ्या केंद्राला त्याचं काही नाही. पण केंद्रावर दोनच माणसं असली की तो आकडा नसतो, आरसा असतो. मागच्या खेपेला तू यादीत बसायच्या वयाचा नव्हतास. मी आणि फिटरबाबा दोघंच होतो. आकडे आले. एक मत ठेकेदाराला, एक नर्सबाईला. मला माझं माहीत होतं म्हणजे बाबाचं कळलं, आणि बाबाला त्याचं माहीत होतं म्हणजे माझं कळलं. ठेकेदाराचा मॅनेजर विचारायला आला, नर्सबाईला कोणी दिलं? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाला, "मी दिलं." त्याच्या मुलाला ठेकेदाराने ट्रकवर ठेवलं होतं, म्हणून बाबाने मत तिकडेच दिलेलं. तरी म्हणाला, मी दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीची वीज तोडली. तू विचारायचास ना, बाबा कंदील का लावतो? यासाठी लावायचा. आम्ही दोघं या विषयावर कधीही बोललो नाही. मी रोज चहा नेऊन द्यायची, तेवढंच.

आता बाबा नाही. मी एकटीने मत दिलं तर ते कोणाचं हे पोरही सांगेल. तू म्हणशील, मग दे ठेकेदाराला. ते माझ्याने होणार नाही. दादाच्या खोकल्याला त्यांच्या डॉक्टरने विडीचा खोकला म्हटलं. दवाखान्यातली नर्सबाई एकटी उभी राहून म्हणाली, ही दगडाची धूळ आहे. तिचा दवाखानाच बंद केला. ती या वेळीही उभी आहे. पडेल. पडू दे.

म्हणून तू ये. तू ठेकेदाराला दे. एक तिकडे, एक इकडे. विचारायला आले तर मी सांगेन, नर्सबाईचं मत भाच्याचं, पोरकट आहे, ऐकत नाही. तू लांब आहेस, तुझी वीज कोण तोडतो? दादाच्या मुलाकडे मी हे मागतेय. मागायला तोंड नाही मला, म्हणून पत्रात मागते. आजवर मी कोणाला मत देते हे तुझ्या आतोबांनाही कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती एवढ्यासाठी उघडायला नको.

तुझी आत्या


२ मार्च

आत्या,

येतो. मुकादमाला सांगितलं, आत्या आजारी आहे. तो म्हणाला, निवडणुकीच्याच दिवशी सगळ्यांच्या आत्या कशा आजारी पडतात? सहा दिवसांचा पगार कापणार आहे. कापू दे.

खोलीतल्यांना तुझा इतिहास वाचून दाखवला. वाळत घातलेल्या मतांवर सगळे खूश. शेवटचा भाग नाही वाचला.

नाक दाबून औषध घ्यावं तसं दाबीन त्याचं बटण. बटणच ते. त्याला कुठे कळतं दाबणाऱ्याचा बाप कोण होता? तू काळजी करू नकोस.

भिंगरी


२१ एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

पोहोचल्याचं पत्र नाही. पोहोचला असशीलच.

तू गेल्यावर निवडणुकीची माणसंही यंत्र पेटीत घालून गेली. तो चष्मेवाला साहेब जाताना म्हणाला, "बाई, आज शंभर टक्के मतदान झालं तुमच्याकडे." मला उगाच बरं वाटलं, जसा काही मी पोरांचा वर्गच पास केला.

दोन दिवस तू होतास. नळ दुरुस्त करायला बसलास, पाणीच नाही तर नळ काय दुरुस्त करतोस म्हटलं, तरी केलास. आता तो गळत नाही. गळायला त्यात काही नव्हतंच. पण छान फिरतो.

मी आधी मत देऊन आले आणि पायरीवर थांबले. तुला आत फार वेळ लागला. मला वाटलं यंत्र अडलं. मग तो आवाज झाला आणि तू आलास तो माझ्याकडे न बघता सरळ वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलास. लहानपणी राहायचास तसा, काटा कधीचा मोडलाय तरी. तुझ्यावर फार मोठं ओझं टाकलं मी, ते दिसत होतं. दादा असता तर त्याने मला बोल लावला असता.

माझी तपकिरी शाल तुझ्या पिशवीत सापडली असेल. चुकून गेलेली नाही. त्या थंडीत कोटाच्या आत गुंडाळत जा.

तुझी आत्या


५ मे

आत्या,

पोहोचलो. शाल मिळाली. काम चालू आहे. बोटावरची शाई बघून मुकादमाने विचारलं, आत्या बरी आहे का? म्हटलं, बरी आहे.

खाटेवरचा तो दुसरा मी नव्हतो तेव्हा माझा कंगवा धुऊन ठेवून गेलाय. दात मोडका होता, तोही घासला.

जास्त काही लिहायला नाही. तू मनावर घेत जाऊ नकोस काही.

भिंगरी


२७ मे

भिंगरी,

मोजणी झाली. ठेकेदार पुन्हा आला, लाखाच्या वर फरकाने. खिंडीपलीकडे फटाके वाजले, कोंबड्या दोन दिवस अंडं देईनात.

शिट्टी आपल्या केंद्राचा आकडा कागदावर लिहून घेऊन आला. शिट्टी वाजवत नव्हता, तेव्हाच मला खटकलं. ठेकेदार, शून्य. नर्सबाई, दोन.

मी म्हटलं, नीट बघ, उलटा धरलास कागद. तो म्हणाला, "मावशी, शून्य उलटं धरलं तरी शून्यच."

असं कसं झालं? माझं एक. दुसरं कोणाचं? यंत्र चुकतं का रे? तुम्ही लोक तिकडे यंत्रांत वावरता, तुला कळेल.

मॅनेजर आला होता. मी आपलं ठरलेलं सांगितलं, की नर्सबाईचं मत भाच्याचं, पोरकट आहे, ऐकत नाही. तो हसला. म्हणाला, "एक भाच्याचं. आणि दुसरं? भुताचं?" फिटरबाबा आणि तू सोडून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी कळलं मी काय केलं ते, आणि तो हा माणूस. जूनअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. पंपावर शिट्टी बसेल. त्याने खाली मान घातली होती.

लवकर लिही.

आत्या


४ जून

आत्या,

यंत्रांचं काही सांगता येत नाही. इथे पण थंडीचा काटा कधी भलताच आकडा दाखवतो. मॅनेजरला सांग, तक्रार करा म्हणावं. खोलीचं बघू. तू घाबरू नकोस.

भिंगरी


१५ जून

भिंगरी,

यंत्र चुकलं असेल असं मी चार दिवस मानलं. तुझं पत्र आलं आणि मग नाही मानता आलं. एवढं छोटं पत्र तू खोटं बोलतानाच लिहितोस. शाळेतून पळून यायचास तेव्हाही "आज सुट्टी होती" एवढंच म्हणायचास. बाकीच्या दिवशी तुझं तोंड बंद करायला लागायचं.

रागावले नाही असं लिहिणार नाही. रागावले. खोलीसाठी नाही. दगडाच्या भिंती आहेत, आज ना उद्या जायच्याच होत्या. मी तुला माझी मूठ धरायला दिली होती, आणि तू ती उघडलीस. मग विचार आला, दादाच्या मुलाचं बोट मी त्या बटणावर नेऊन ठेवत होते. ते तिथे टेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं का? याचं उत्तर अजून नाही सापडलेलं. सापडलं की कळवीन.

उघडलीच आहे तर अजून एक घे. बहिष्काराच्या साली जे एक मत निघालं ते माझं. पहाटे टाइम ऑफिस झाडायचं काम माझ्याकडे होतं. झाडून झालं, माणसं येऊन बसली, मी केरसुणी दाराशी टेकवली आणि मत दिलं, वहिनीसाहेबांना. ती परत आली होती म्हणून. बोटावर चिंधी बांधली आणि घरी येऊन तुझ्या आतोबांना चहा दिला. ते म्हणाले, "एकही माणूस गेला नाही बघ!" मी म्हटलं, "माणूस नाही गेला." त्यांनी मान डोलावली. हे आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगतेय. आपल्या केंद्रावर आता झाकण्यासारखं काही उरलं नाही. पुढची यादी तयार करतील तेव्हा केंद्रच नसेल.

कुठे जाणार विचारशील. शिट्टी म्हणतो त्याच्या पडवीत ये. पण त्यालाही त्यांच्याचकडून पगार. तुझ्याकडे ये म्हणू नकोस. तुझी अर्धीच खाट, तीही निम्मा दिवस दुसऱ्या कोणाची तरी. मी तिथे कुठे बसू, पेट्यांवर?

पांढरीची चार पिल्लं जगली. त्यांचं काय करायचं तेच कळत नाही.

आत्या


२६ जून

आत्या,

खोटं बोललो. तुझंच शिक्षण.

मी ठरवून आलो होतो ठेकेदाराला द्यायचं. आत गेलो तर त्याचा फोटो सगळ्यात वर. बोट नेलं. मग कळलं की या माणसाला मी इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. माझे बाबा गेले तेव्हाही तो गाडीतून उतरला नव्हता. दोन वेळा बोट नेलं. बाहेर तू पायरीवर खाकरलीस, मला वाटलं बाबाच खाकरले. तिसऱ्यांदा बोट खालीच गेलं. त्यानंतर वजनकाट्यावर उभा राहिलो तो तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून. मला वाटलं, दोन मतांकडे कोण बघतंय. तू सांगितलं होतंस सगळं, तरी वाटलं. आमच्या डोक्यात उशिरा शिरतं.

आता ऐक. अर्धी खाट सोडली. स्टोरेजच्या मागच्या गल्लीत खोली घेतलीय, वर पत्रा, मोरी आत, खिडकी एकच पण ती रस्त्याकडे. घरमालकाने कागद मागितला. म्हटलं, येतोय. त्या दुसऱ्यासाठी उशीखाली नवा कंगवा ठेवला आणि निघालो. शेवटपर्यंत तोंड पाहिलं नाही त्याचं. नव्या खोलीत पहिल्या दिवशी खाट गार लागली, झोपच येईना. माणसाची सवय काय चीज असते बघ. मोकळी खोली मिळाली की तिच्यात आवाज फार होतो, आपलाच.

फॉर्म भरला. दोन भरले. एक माझा, एक तुझा. सही मी केली तुझी, रागावू नकोस, तुझ्या अक्षराचं वाकडं वळण बरोबर जमलंय. इथल्या केंद्रावर अकराशे मतं आहेत. अकराशे! रांग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्याही पुढे जाते. तू कोणाला दिलंस हे मॅनेजरला नाही कळणार, घरमालकाला नाही कळणार, मलाही नाही कळणार. मी विचारणार नाही. जन्मात नाही.

परवा तपासणीला माणूस आला होता. खोलीत एकच ताट, एकच खाट. म्हणाला, दुसरं नाव कोणाचं? या बाई राहतात कुठे? तुझी तपकिरी शाल मी सकाळीच धुऊन बाहेर दोरीवर टाकली होती. तिच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, आत्या बाजारात गेलीय, येईल इतक्यात.

त्याने लिहून घेतलं. आता मला खोटं पाडू नकोस.

गाडीभाडं पाठवतोय. डालग्याला वेगळं तिकीट लागतं असं स्टँडवर विचारून आलोय. तू, पांढरी आणि चार पिल्लं मिळून, तीन हजार चारशे.

भिंगरी